दिकची नोंद

जिंतूर, १२ जानेवारी १९५७

ती. अक्कास, लिंबाजीचा सा. नमस्कार वि. वि.

कचेरीत मृत्यूंची जुनी उर्दू रजिस्टरं मराठीत उतरवायचं काम माझ्याकडं आलंय. वयवार, गल्लीवार आकडे मांडायलोय. चाळीस वर्षांमागं एकाच सालात गावात दिकनं, म्हणजे क्षयानं, एकतीस माणसं गेली. अकरा आपल्याच गल्लीतली. त्यांत आठ पंधरा ते पंचवीस वयाच्या बाया.

अक्का, त्यात आपली आई हाय. म्हाळसाबाई, वय बावीस, दिक. चार महिन्यांनी भागुमावशी, वय सोळा. आईची सेवा तिनंच केली होती. करणीनं गेल्या असं आपल्याला सांगितलं, ते खरं न्हाई.

तुझी सून कासाबाई दोन महिने खोकायलीय आणि तू अंगारा लावायलीस. आता ह्या दुखण्यावर सुया निघाल्यात. तिला परभणीच्या दवाखान्यात न्यायला मी पुढच्या रविवारी येतो. नाही म्हणू नकोस.

तुझा लिंबाजी

सोनपेठ, १७ जानेवारी १९५७

चि. लिंबाजीस अनेक आशीर्वाद.

बन्सीधर गुरुजी लिहायलेत, मी सांगायले. तुझं पत्र ऐकून लय राग आला. मेलेल्या आईला असला रोग चिकटवतोस? मग कासाच्या पदरावर रक्त दिसलं. ये. लवकर ये.

तुझी अक्का

सोनपेठ, ४ नोव्हेंबर १९५७

चि. लिंबाजीस धुरपताचे आशीर्वाद.

कासा बरी होऊन घरी आली. आता धोका न्हाई, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुझे उपकार कसे सांगू!

एक गोष्ट आजवर कुणालाच बोलले न्हाई, आज गुरुजींना लिहायला सांगायले. दर महिन्याला मी नातीला घेऊन दवाखान्यात जायची. पोरगी पुढं केली की कासा मागं सरायची, तोंडाला पदर लावून लांबूनच बोलायची, आणि आमी निघालो की रडायची. आपली आई असंच करायची रे. मी दाराशी गेले की हाकलायची. तू तान्हा होतास, तुला आठवत नसंल. आईला मी नकोशी होते, असं जन्मभर धरून बसले. ती मला वाचवायली होती.

काल कासानं लेकीला उचलून घेतलं. पोरगी वळखंना, माझ्याकडं झेपावली. मी घेतलं न्हाई. घटकाभर रडली, मग आईच्याच खांद्यावर झोपली.

बहिणीवर अशीच माया ठेव, आणि भेटायला ये.

तुझी अक्का