गेणबा पेंटरच्या नटीचा उजवा हात

मी, श्रीमती सारजा गेणबा रणवरे, वय ७०, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. 'श्रीमती' हा शब्द स्वतःच्या नावामागे लिहिण्याची ही पहिलीच वेळ. तो लिहून मी थोडा वेळ पेन खाली ठेवले होते.

माझे पती गेणबा, टॉकीजचे बॅनर रंगवणारे पेंटर, गेल्या मार्चमध्ये वारले. सकाळी दाढी करायला बसले आणि आरशासमोरच कलंडले. एका गालाला साबण तसाच होता. त्यातून भानावर येण्याच्या आत, त्यांच्या दहाव्याच्या दिवशी मला एक गोष्ट कळली. त्या गोष्टीपायी हे लिहिणे आले. नाहीतर वाटण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही.

कलम १. इंदापूरचे माझ्या नावावरचे घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझा पुतण्या शंभूराज याला द्यावे. आम्हाला मूल नाही. त्याने आमचे दुखणेखुपणे पाहिले आहे. मात्र कलम ४ मधली अट वाचल्याशिवाय त्याने किल्ली घेऊ नये.

कलम २. यांचे ब्रश, रंग कालवायच्या वाट्या आणि शिडी कळंबच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना द्यावी. मी तिथे बरीच वर्षे शिकवले. शिडीची तिसरी पायरी हलते, तेवढे त्यांना सांगावे. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून माझे दिवसकार्य करावे. उरेल ते त्याच शाळेला.

कलम ३. माझ्या थोरल्या जाऊबाई भागूबाई यांना, त्यांच्या भावाच्या लग्नातला आम्हा दोघींचा चौकटीतला फोटो द्यावा. कारण सांगते.

मी अकरा वर्षांची असताना सणसरला आमच्या गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस माझ्या उजव्या हातावर सांडला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी आक्रसली ती कायमची. म्हणून मी झंपराची बाही मनगटापर्यंत ठेवायचे. कोपरापाशी सैल, पुढे निमुळती, आतल्या बाजूने तीन कापडी गुंड्या. इथल्या शिवणकाम करणाऱ्या साखरबाईंनी लग्नानंतर तो नमुना माझ्यासाठी बेतला होता. त्या काळी आमच्याकडच्या बायकांच्या बाह्या दंडापर्यंतच असत. वैशाखातही हात झाकून फिरणारी मी एकटी. लग्न होऊन आले आणि महिन्याभरात भागूबाईंनी आडावर सांगितले, "आमच्या बारक्या जावंला कोड हाय म्हणं. हात बघू दिती का बघा." हळदीकुंकवाला बायका मला लांबूनच हळद लावू लागल्या. बाही वर केली असती तर विषय मिटला असता. ते मला कधी जमले नाही.

पुढे वर्ष-दोन वर्षांत तालुकाभर तसल्याच बाहीची टूम निघाली. 'टॉकीज बाही' म्हणायचे तिला. सणसरपासून बारामतीपर्यंत नवऱ्यामुली ती मागू लागल्या आणि माझ्यामागची बोलणी बंद झाली. मी समजले, नशीब. फोटोत भागूबाईंच्या अंगात तीच बाही आहे, तिन्ही गुंड्यांसकट. तो त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावावा. विनंती आहे, सक्ती नाही.

कलम ४. माळ्यावर प्लायवूडचे एक कटआउट आहे. टॉकीजच्या दारात उभी करायची ती माणसापेक्षा उंच नटी, अंगात तीच टॉकीज बाही. यांच्या हातचे तेवढेच राहिले आहे. कापडी बॅनर पावसाने आणि उंदरांनी संपवले, आणि फ्लेक्स आल्यावर कामच थांबले. पिक्चर कोणता होता, ते आता माझ्याही ध्यानात नाही.

माझे यांच्यावर दोन राग होते. आयुष्यभर परक्या बायका रंगवल्या, माझे चित्र एकदाही काढले नाही. एकदा विचारले तर म्हणाले, "तुजं कशाला? तू हायेस की समोर." दुसरा राग हेकेखोरपणाचा. आमच्या लग्नानंतर लवकरच हे टॉकीजच्या मालकाशी भांडून काम सोडून आले आणि एक अख्खा गळीत हंगाम कारखान्याच्या ट्रॉल्यांवर नंबर घालत फिरले. भांडण कशावरून, विचारले तर "रंगावरनं" एवढेच.

शंभूराजची मुलगी सोनम पुण्यात फॅशन डिझाइन शिकते. जुने सिनेमे, चित्रे, शिल्पे यांतून कपड्यांच्या कल्पना कशा सुचतात, असा तिचा प्रकल्प आहे. लोणी भापकरच्या देवळातल्या दगडी मूर्तींच्या नेसणीचे फोटोही तिने काढून आणले होते. दहाव्याला आली तेव्हा माळ्यावर चढून तिने नटीचे फोटो काढले आणि प्रदर्शनातल्या पाटीसाठी लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला, 'सिनेमातल्या नायिकेची बाही पाहून इंदापूर भागातल्या स्त्रियांनी ती उचलली.'

पंगत उठली होती. साखरबाई पत्रावळी गोळा करत होत्या. त्या तशाच थांबल्या.

"कुठल्या नायकिणीची गं? म्या त्यो पिक्चर दोनदा बघितलाय. बाहीच न्हाय त्यात. उघडं दंड सगळं."

"मग ही बाही आली कुठून, आजी?" सोनमने विचारले.

"हिच्या हातावरनं." त्यांनी पत्रावळीसकट माझ्याकडे हात केला. "सारजाचं झंपर उसवलं व्हतं, माज्याकडं पडलं व्हतं. गेणबाभावजी आलं आन त्ये झंपर मांडीवर घेऊन बसलं. गुंड्या मोजल्या. म्या म्हणलं, भावजी, आता शिलाई शिकताय व्हय? तर म्हणालं, 'साखरवहिनी, समद्याच बायांनी घातली, तर हिला एकटीला कोण इचारंल?'"

मग त्यांनी राहिलेलेही सांगितले. मालक खवळला होता. 'नटीचं दंड झाकतोस, तिकीट कोण काढंल?' बाही पुसून उघडे दंड रंगवायला सांगितले. यांनी ब्रश टाकला आणि घरी आले. पण तोवर बायका कटआउट बघायला येऊ लागल्या होत्या, म्हणून मालकाने बाही तशीच राहू दिली. वर्षभराने मालकानेच परत बोलावले. त्यानंतर यांनी रंगवलेल्या प्रत्येक नटीच्या हातावर माझी बाही होती.

"भावजींनी मला आन घातली व्हती," साखरबाई म्हणाल्या, "म्या हाय तवर हिला बोलू नका म्हणून. आता कुणाची आन पाळू?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. सोनमने तो काढून घेतला. मला रडू आले नाही, अजूनही आलेले नाही. भाजी निवडताना हात थांबतो. रस्त्यात कोणी हाक मारली तर ऐकू येते, पण ओ द्यायचे सुचत नाही. या माणसाने माझ्या हाताविषयी उभ्या जन्मात एक शब्द काढला नाही. मी समजत होते, त्यांना किळस येत असेल.

पुढच्याच आठवड्यात शंभूराज आला. "काकी, पुण्याचा एक हाटेलवाला हाय. जुन्या पिक्चरची तोंडं भिंतीला लावतोय. खांद्याखालचं कापून टाकतो म्हणतोय, जिन्यातनं न्यायला सोपं. पडून सडण्यापरीस बरं." त्याच्या मनात वाईट नव्हते. मी नाही म्हटले. तो म्हणाला, "आत्ता नको तर नको. मागनं बघू."

ते 'मागनं' माझ्या डोक्यातून जाईना. मी गेल्यावर करवत येणार आणि तिचे हात भंगारात जाणार.

म्हणून हे कटआउट मी सोनमला देत आहे, तिच्या वडिलांना नाही. ते कापू नये, वरून रंगवू नये. रंग जिथे उडाला आहे तिथे उडालेलाच राहू द्यावा. पाटीवर लिहावे की ही बाही कोणत्याही सिनेमात नव्हती. ती गेणबा पेंटर यांनी बायकोच्या अंगावरून घेतली, आणि का घेतली. साखरबाईंनी ती बेतली, हेही लिहावे. कटआउटला कोणी करवत लावली तर कलम १ रद्द समजावे आणि घर कळंबच्या शाळेला जावे. शंभूराज, राग धरू नकोस. तुझ्या काकाचे दुसरे काही उरलेले नाही.

कलम ५. माझा हात. मी गेल्यावर मला आंघोळ घालायला ज्या बाया येतील त्यांनी तो पाहून एकमेकींकडे बघू नये. ते कोड नाही. ते भाजलेले आहे.

सोनम मला म्हणाली, "बारक्या आजी, पाटीशेजारी तुमच्या हाताचा फोटो असेल तरच लोकांना पटेल. नाहीतर म्हणतील, घरच्यांनी रचलेली गोष्ट." मी तिला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. यावर दोन महिने काढले. या कलमात आधी लिहिले होते की फोटो मी गेल्यावर, आंघोळीच्या वेळी काढावा. ते वाक्य मी आज खोडले आहे. यांनी भर रस्त्यात, टॉकीजच्या दारात, सगळ्या गावासमोर ती बाही रंगवली. मी का मरणाची वाट बघत बसू?

फोटो येत्या रविवारी काढायचा आहे. शंभूराज कटआउट अंगणात उतरवून देणार आहे. शेजारी मी उभी राहीन. त्यासाठी साखरबाई दंडापर्यंतच्या बाहीचे झंपर शिवत आहेत. अकराव्या वर्षापासून तसले मी अंगात घातलेले नाही, त्यामुळे दंडाचे माप त्यांना काल नव्याने घ्यावे लागले.

हा मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला आहे. खोडलेल्या वाक्याशेजारी माझी सही आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून साखरबाईंना मी काही दिलेले नाही. त्या म्हणाल्या, "दिलंस तरी ठिवायला जागा कुठाय?"

सही : सारजा गेणबा रणवरे

श्रीमती रणवरे यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. साखरबाई दिनकर माळवदे, शिवणकाम, इंदापूर
२. सुयोग व्यवहारे, औषध दुकानदार, शेजारी, इंदापूर

ठिकाण : इंदापूर
दिनांक : १२ जून २०२४