बोलत जायाचं असते

मु. पिंपळदरी, ता. बुलडाणा
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पुष्पांजली,
तुले, जावईबापूले अन् आपल्या घरच्या नव्या पाहुणीले आबाचा लय लय आशीर्वाद.

इकडं सगळं बरं हाय. हरभरा घाट्यावर आला. रोह्यांचा कळप एक रात वावरात बसला अन् बांधाकडचा पट्टा साफ करून गेला. कबरी गाय व्याली, गोऱ्हा झाला. गजेंद्रनं तुह्या पोरीचा फोटो दाखवला. नाक थेट तुह्या आईचं. ती असती तर पहिली गाडी धरून मलकापूरले आली असती.

आबाले फोन सोडून पत्राचं काऊन सुचलं, म्हणशील. पोस्टातली पोरगीबी हसली. माह्या फोनवर लिहाचं मले जमत नाही, अन् हे तुह्या भावाच्या, गजेंद्रच्या तोंडून तुले कळावं असं वाटलं नाही.

नात झाली त्या दिवशी तू फोन केला. मी उचलला. "आबा, पोरगी झाली. बोला ना," म्हणाली. मी बोललो नाही. "अजून राग धरूनच हाय का?" म्हणून तू रडत फोन ठेवला, अन् परत केलाच नाही. मी रागात नव्हतो वं, पोरी.

तुले माहीतच हाय, आपल्याकडं वावराच्या वाटेनं बोलत जायाचं असते. अस्वलाची नजर अधू. माणसाचा आवाज दुरून आला का ते आपलं आपलं बाजूले होते. कोनी अभंग म्हणते, कोनी नुसतंच खाकरते. तुही आई होती तोवर आम्ही दोघं भांडत जात होतो. ती गेल्यावर तुहा फोन. सकाळी वाटेले लागलो का तुहा फोन येत होता, अन् मी नाल्याच्या पार होईपर्यंत मोठ्यानं बोलत होतो. "आबा, हळू बोला, कान फुटते," म्हणत होती तू.

मंग ते बाळंतपणाचं निघालं. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा माहा हेका. अन् तू म्हणे, तिथं अडीनडीले गाडी भेटत नाही, मी मलकापुरातच राह्यते. खरंच होतं तुहं. पण मी रुसलो, तर तूबी रुसली, अन् सकाळचा फोन थांबला. बापाचीच लेक.

मार्गशीर्षात एका सकाळी हरभऱ्याले पाणी द्याले निघालो. फोन खिशात गुमान पडला होता. मी तुह्यावरचा राग मनातल्या मनात चघळत चाललो होतो. नाल्याजवळच्या बोरीखाली अस्वल बोरं खाऊन राह्यलं होतं, पाठीवर पिल्लू. तिले माही चाहूल लागली तवा मी पार जवळ गेलो होतो. तिनं तोंडच धरलं. पिल्लाची माय, तिनं दुसरं काय करावं? मले तिचा राग येत नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी जबडा जोडला. जिभेचं काही जमलं नाही. आता पातळ वरण पितो. बोलाले गेलो तर नुसती घरघर निघते, ती माणसाची वाटत नाही. ती तुले ऐकवाची माही हिंमत झाली नाही. तुहे दिवस भरत आले होते, म्हणून मीच पाटीवर लिहून गजेंद्रले शपथ घातली, पुष्पाले सांगाचं नाही.

आता "मी फोन केला असता तर," असं तू मनात आणू नको. फोन माह्याबी खिशात होता. मलेबी करता आला असता. वाईट याचंच वाटते का नातीशी दोन शब्द बोलाचे राह्यले. परवा गोठ्यात बसून लय रडलो.

वावर काही सुटत नाही. गजेंद्रनं काठीले बैलाच्या गळ्यातली घंटी बांधून देली. अस्वलासाठी तेवढी पुरते, पण मले त्या वाटेनं करमत नाही.

तवा सकाळी फोन करजो. पोरीले मांडीवर घेऊन करजो, ती रडली तरी चालन. घरचं, दारचं, सासूचं, सगळं तिखटमीठ लावून सांगजो, मोठ्यानं. मी उचलीन. इकडून बोलणं येणार नाही, म्हणून ठेवू नको. घंटी ऐकू येईन. ती वाजून राह्यली तोवर समजजो, आबा चालून राह्यले अन् ऐकून राह्यले.

तुह्यावर बिलकुल राग नसलेला,
आबा