पुजाच्या प्रबंधातली चौथी आकृती

औंढा नागनाथ,
रविवार

प्रिय पुजा,

तुझ्या प्रबंधाचा मराठी सारांश मागितला होतास, तो लिहून झालाय. शुक्रवारी तू प्रबंध जमा करणार, त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. फोन केला की तू आधी "बाई, जेवलीस का?" विचारतेस, आणि मग मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं.

तांड्यावर सगळं ठीक. याडीनं तुझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर आरसे लावून भरतकाम केलंय. आईच ती, चार महिने डोळे ताणत बसली होती. माझी डब्याची पिशवी तिथंच शेजारी खुंटीला असते, तिला एक टाका नाही. बा हळद घेऊन हिंगोलीला गेला की मोंढ्यात भेटेल त्याला सांगतो, "आमची पुजा हैद्राबादला रगतातल्या शिपायांना जागं करून राहिली." परवा हिरासिंगकाकांनी विचारलं, मोठी काय करते? बा म्हणाला, "निता व्हय? ती हाय की इथंच." नऊ वर्षं आश्रमशाळेत विज्ञान शिकवतेय, त्याचं एवढंच झालं.

पेशीचं पहिलं चित्र तुला मीच काढून दिलं होतं, सहावीच्या वहीत. एम.एस्सी.ला प्रवेश मलाही मिळाला होता. नोकरी आधी आली आणि मीच ती धरली, कुणी सक्ती केली नाही. त्यामुळे रागवायलाही कुणी सापडत नाही. मला तुझा हेवा वाटतो, पुजा. तुझ्या पांढऱ्या कोटाचा वाटतो, आणि कुणी काही विचारलं की तू "अजून माहीत नाही" असं ताठ मानेनं म्हणतेस, त्याचा तर फारच. मी वर्गात तसं म्हटलं तर मुख्याध्यापक बोलावून घेतात.

तरी तुझं काम वाचताना मी चहा गार केला, हेही खरं. रक्षक पेशीला जंतूची खूण पटली की तिच्या पटलातल्या एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पटलातच राहतो, आणि पेशीत मोकळं फिरणारं विकर त्याला येऊन चिकटतं. चिकटल्यावरच ते कामाला लागतं. मी नववीच्या पोरांना सांगितलं, आपल्या स्टँडवर माणसं इकडंतिकडं पांगलेली असतात, पण गाडी फलाटाला लागली की सगळी तिकडं धावतात, तसं. पोरांना पटलं. पुढचंही सांगितलं : दुसरं एक विकर तो तुकडा बदलून टाकतं, मग काम थांबतं. तू औषध देऊन या दुसऱ्या विकराला अडवलंस, म्हणून पहिलं जास्त वेळ काम करत राहिलं. तुझा सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. इंग्रजी वाचताना नजर घसरत जाते, पण शब्द न् शब्द मराठीत आणायचा म्हणजे प्रत्येक आकडा बघावा लागतो. पान एकशे बारा, आकृती चौथी. मजकुरात तू म्हणतेस तसंच आहे, पण आकृतीत ज्या पेशींना औषध दिलंच नाही त्यांच्यातच विकर जास्त वेळ चिकटलेलं दिसतं. नावं उलटी पडलीत की निकालच उलटा आलाय, ते मला इथून कळत नाही. तुझ्या सरांच्याही नजरेतून सुटलं असावं. मला मात्र हे अकरा दिवसांपूर्वी दिसलं. या अकरा दिवसांत तुझे चार फोन आले आणि चारही वेळा मी जेवलेय म्हणून सांगितलं. परीक्षकांसमोर तुला उत्तर सुचू नये, असं मला वाटत होतं. एकदा नाही, रोज वाटत होतं. आज फोन करू नकोस, आधी प्रयोगाची मूळ वही उघड. सारांश सोबत आहे. त्यात निकालाच्या ओळीची जागा मी कोरी ठेवलीय, जे खरं असेल ते तूच लिही.

तुझीच,
निता