समजून केलेली सही

सांडबी, थ्यू, डेन्मार्क
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०१४

प्रिय मालीवान,

तुझं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. तू आणि तुझी आई बऱ्या आहात, भाताची कापणी उरकत आली, भाचीला मुलगी झाली, हे वाचून बरं वाटलं. तेवढा भाग मी थोरकिलला दोनदा वाचून दाखवला. बाळाचं नाव त्याला म्हणता येईना. तीनदा प्रयत्न केला आणि मग म्हणाला, "जाऊ दे. मोठी झाली की तीच सांगेल." जीभ अडखळते, पण माझा हा भाऊ, तुझा नवरा, आहे तसाच खोडकर आहे.

इकडे आठवडाभर पश्चिमेचा वारा सुटलाय. बोटी बंदरात बांधलेल्याच आहेत. शेजारच्या पाल्लेच्या गोठ्याचे दोन पत्रे उडाले, त्यातला एक माझ्या कुंपणावर येऊन पडला. पाल्ले तो न्यायला आला तेव्हा तुझी चौकशी करत होता. मी नाताळची मसाल्याची बिस्किटं करायला घेतलीत. दोन डबे होतील. खाणारं कोण आहे, ते मात्र विचारू नकोस.

तुझ्या काचघरातली मिरचीची रोपं थंडी पडायच्या आत घरात आणली होती. दोन मेली. एक आहे, पण तिला फूल धरत नाही.

थोरकिलला शुश्रूषागृहात आता कोपऱ्यातली खोली मिळालीय. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. त्याला बंदर दिसायला हवं होतं. जेवणावरून रोजची भांडणं आहेत. परवा परिचारिकेला म्हणाला, "हे बटाटे आहेत की साबण?" ती म्हणाली, "थोरकिल, खाऊन बघा, फेस आला तर साबण." तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला, म्हणून तुला कळवते. बाकी उजवा हात तसाच आहे, पाय आणखी जड झालाय. त्याला तुझ्या माहेरी कालासिनला हलवता येईल का, म्हणून डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्यांनी नाहीच म्हटलं.

बघ, पान भरलं तरी मी तुझ्या प्रश्नाकडे आलेच नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी एकच ओळ होती. "माझ्या फाइलची प्रत इथे मिळाली. तिच्यात तुमच्या अक्षरातला कागद आहे. तो तसा का लिहिलात?" सात वर्षांत पहिल्यांदाच तू मला 'पी' म्हटलं नाहीस. तुमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तू मला पहिल्या दिवसापासून म्हणायचीस, आणि मला ते फार आवडायचं. कधी बोलले नाही.

पहिल्यापासून लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण ओळीने लिहिलं नाही तर मी शेवटपर्यंत पोचणार नाही.

थोरकिलला अर्धांगाचा झटका आला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा त्याचा स्वतःचा धंदा, आणि आजारपणाचा विमा त्याने दोन वर्षांपूर्वीच भरायचा सोडला होता. त्यामुळे घरात येणारं जे काही होतं ते तुझ्या हातांवर. पहाटे पाचला तू मासळीच्या कारखान्यात जायचीस आणि संध्याकाळी शाळेची साफसफाई करायचीस. तेव्हाच मी तुला म्हटलं होतं, आठवतं? तू शेगडीपाशी उभी होतीस.

"नगरपालिकेकडून मदत मिळते. अर्ज करू या. थोरकिलने चाळीस वर्षं कर भरलाय, हक्काची आहे."

"नको, पी. माझा कायमच्या वास्तव्याचा परवाना होऊ दे. अजून वर्षभर. तोवर त्यांचा एक क्रोनसुद्धा नको. नवराबायकोचं एकच धरतात. आमच्या भाषेच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलंय."

"त्या बाईंचं काय ऐकतेस! हा डेन्मार्क आहे. आजारी माणसाने मदत घेतली म्हणून इथे कोणी शिक्षा करत नाही."

तू हसलीस. म्हणालीस, "तुम्हाला नाही करत, पी."

मला राग आला होता. माझ्या देशाला नावं ठेवतेय, असं वाटलं.

ऑक्टोबरात एका दुपारी मी सूप घेऊन तुमच्याकडे आले, तर थोरकिल न्हाणीघरात फरशीवर पडलेला. सकाळपासून. कपडे ओले झाले होते, ओठ निळे पडले होते. रडत नव्हता, शिव्या देत होता, मला, देवाला, स्वतःच्या पायाला. त्याला उठवून बसवलं तेव्हा म्हणाला, "मालीवानला सांगू नकोस. ती कारखाना सोडून घरी बसेल." तुला हे आजच कळतंय. मी शब्द पाळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेत गेले.

तिथल्या बाईने अर्ज दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यांची बायको परदेशी आहे ना? परवाना कायमचा झालाय का?"

"अजून नाही."

"मग आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात फोन करून विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच हा अर्ज माझ्याकडे आणा."

नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. घरी येऊन मी फोन लावला. आपण रांगेत सत्ताविसावे आहात, असं यंत्र सांगत होतं. बारा-तेरा मिनिटं रिसीव्हर धरून बसले. बटाट्यांचं पाणी उतू जायला लागलं म्हणून खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मालीवान, मला कोणीच काही सांगितलं नव्हतं, असं मी तुला म्हणाले होते. अपिलाच्या वकीलबाईंनाही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

आता सहीचं. तू कारखान्यातून येऊन शाळेला निघायच्या घाईत होतीस. पावाचा तुकडा उभ्यानेच खात होतीस. मी अर्जाचं शेवटचं पान तेवढं टेबलावर ठेवलं, बाकीची पानं पिशवीत होती.

"हे कसलं, पी?"

"थोरकिलच्या आजारपणाचं. दवाखान्याला लागतं."

तू हात पुसलेस आणि माझं बोट होतं तिथे सही केलीस. चष्मासुद्धा काढला नाहीस पर्समधून. मी ठेवलेल्या कागदाला चष्मा कशाला लागायचा?

बुधवार

काल इथवर लिहून उठले आणि शुश्रूषागृहात गेले. त्याला जेवू घातलं. आता पुढचं.

नोव्हेंबरपासून मदत सुरू झाली. थोरकिलच्या बँकेचं मीच बघत होते. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानातली अवजारं विकली त्याचे पैसे, असं मी तुला सांगितलं. दुपारी त्याच्याजवळ बसायला बाई येऊ लागली. तू शाळेचं काम सोडलंस. त्या हिवाळ्यात तू पहिल्यांदाच संध्याकाळी घरी असायचीस. त्याला पत्ते शिकवायचीस, तो डाव्या हाताने लबाडी करायचा आणि तुम्ही दोघं ओरडायचात. मी बघायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. मनात म्हणायचे, बघ, झालं का काही?

मार्चमध्ये तुझ्या नावाने नगरपालिकेचं पत्र आलं, त्या मदतीबद्दल. तू ते हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "पी, याने माझा परवाना अडेल हे तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले, "नव्हतं गं, खरंच नव्हतं." तू लगेच मान्य केलंस. उलट माझाच हात धरलास. मग आपण दोघी त्या बाईकडे गेलो, सगळं परत करतो म्हणून. ती म्हणाली, "परत करा, पण घेतलं होतं ते राहणारच." तिने मला ओळखलं होतं. त्या चिठ्ठीचा विषय मात्र काढला नाही. तू पुन्हा शाळेच्या फरश्या पुसायला लागलीस आणि पै न् पै परत केलीस.

परवान्याचा अर्ज तू तरीही केलास. या वर्षी जानेवारीत उत्तर आलं. कायमचा नाहीच, आणि मदत घेतल्यामुळे होता तोही पुढे वाढणार नाही.

फेब्रुवारीत अपिलाच्या वेळी त्या तरुण वकीलबाई मला बाहेर बाकावर घेऊन बसल्या. तू आत कागद भरत होतीस. त्या म्हणाल्या, "एकच दार उघडं आहे. कशावर सही करतेय हे तिला माहीत नव्हतं, हे तुम्ही तुमच्या हाताने लिहून द्या. तिला काय सांगून सही घेतली, तेही लिहा. मग मी भांडू शकते."

मी म्हणाले, "त्याने माझं काय होईल?"

"कदाचित काही नाही. कदाचित चौकशी होईल. पण तिच्याकडे दुसरं काही नाही."

मी दोन दिवस मागून घेतले. एकतीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत काम केलं. या गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज, दाखले माझ्या हातून गेलेत. निवृत्त झाल्यावरही लोक कागद घेऊन माझ्याकडेच येतात. गुद्रुनने बघितलंय म्हणजे बरोबर असणार, असं म्हणतात. चौकशीची भीती होती, नाही असं नाही. पण खरं कारण त्याहून लहान आहे. 'मी माझ्या भावजयीला फसवून सही घेतली' हे वाक्य मी कच्च्या कागदावर चारदा लिहिलं, आणि त्याच्याखाली माझं नाव मला बघवेना.

म्हणून जे लिहिलं ते तू वाचलंयस. 'अर्ज कशाचा आहे हे मी दोघांनाही नीट समजावून सांगितले होते. मालीवानने समजून सही केली.'

वकीलबाईंनी वाचून विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." त्यांनी कागद फाइलला लावला.

मला वाटत होतं, तरीही ते तुला घालवणार नाहीत. आजारी माणसाची बायको, सहा वर्षं मासे कापलेली, भाषेची परीक्षा पास झालेली. एका कागदाने काय होतंय? शेवटी आपलेच लोक आहेत. हे मी स्वतःला रोज सांगत होते. जून उजाडेपर्यंत सांगत होते.

अपील फेटाळलं आणि तू निघालीस, त्या दिवशी बसथांब्यावर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "पी, तुम्ही माझ्यासाठी किती धावपळ केलीत." मी तुझी बॅग वर चढवली. तेव्हा सांगता आलं असतं. बस सुटायला सहा मिनिटं होती, मी घड्याळात बघत होते.

सप्टेंबरात मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले, कोणी बोलावलं नव्हतं. एका तरुणासमोर बसून सगळं सांगितलं, चिठ्ठी, फोन, पिशवीतली पानं, सगळं. तो टाइप करत राहिला. मध्येच त्याने पाणी आणून दिलं. चांगला मुलगा होता. त्याचं उत्तर सोबत जोडलंय. थोडक्यात असं, की निकाल लागून गेलाय, मुदत संपलीय, आणि आधीच्या लेखी निवेदनाच्या विरुद्ध आता केलेलं निवेदन धरता येत नाही. वकीलबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे फेब्रुवारीत दिलं असतंत तर." तुझा महिन्याभराच्या भेटीचा व्हिसा नाकारला त्याचंही त्यांना विचारलं. तू परत जाणार नाहीस असं कार्यालयाला वाटतं, म्हणे. पुन्हा अर्ज केला तरी हेच होईल. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. आता कुठलंच दार राहिलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. माफी मागायला शब्द शोधत होते, पण ते मिळाले तरी त्यांचा तुला काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. थोरकिलला यातलं काही माहीत नाही. तो दर दोन दिवसांनी विचारतो, "ती का गेली?" मी म्हणते, "कार्यालयाने घालवली." तो कार्यालयाला शिव्या देतो आणि मग माझ्या हातून जेवतो. परिचारिकांच्या हातून खात नाही, चमचा ढकलतो. त्याला खरं सांगितलं तर तो माझ्याही हातून खाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून गप्प आहे. की माझ्याचसाठी गप्प आहे, तेही आता मला नीट सांगता येत नाही.

हे पत्र तुला मिळायला दहा-बारा दिवस लागतील. त्यानंतरच्या रविवारी तू नेहमीसारखा अकरा वाजता फोन करशील, किंवा करणार नाहीस. केलास तर तुला त्याला काय सांगायचं ते तू ठरव. तुझी डॅनिश त्याला माझ्या बोलण्यापेक्षा लवकर कळते. सगळं सांगायचं असेल तर सगळं सांग, माझी काळजी करू नकोस. त्याला रिसीव्हर धरता येत नाही. तो मीच त्याच्या कानाला लावून उभी असते, आणि तू बोलतेस ते मलाही ऐकू येतं. त्या रविवारीही मीच धरेन. तुझं बोलून होईपर्यंत खाली ठेवणार नाही.

गुद्रुन