स्वयंपाकघरातलं आमेन

नंदनवन, नागपूर

आदरणीय वच्छलाताईंना मनोरमाचा सलाम.

नळ आला होता, मी बादल्या भरत होते, कुकर चढवलेला होता, आणि बाहेरच्या खोलीत तुमचे बंधू मोठ्यानं प्रार्थना करत होते. रोजचीच सकाळ. आधी घर, मग चर्चची मंडळी, मग खाप्याची ताई, म्हणजे तुम्ही, आणि तिचा गुडघा, मग महानगरपालिका. पालिकेपर्यंत आले की वरण शिजलेलं असायचं. मी स्वयंपाकघरातूनच आमेन म्हणायची आणि गॅस बंद करायची. संसारभर माझी भक्ती एवढीच. (गुडघा आता कसा आहे? आधी विचारायचं ते राहिलंच.)

त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षाच्या प्रार्थनासभेत घरच्या माणसानं मोठ्यानं प्रार्थना करायची, ही आपली पद्धत. घरचं माणूस म्हणजे आता मीच. शिकावं म्हणून मोठ्यांच्या बायबल वर्गात गेले, तर तिथले शब्द माझ्या हाताला लागेनात. (मी वाचायला शिकले किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून. त्यात 'पवित्रीकरण' कधी आलं नाही.) मग हिमानीच्या संडे स्कूलमध्ये जाऊन बसले. हिमानी कॉलेजातली पोरगी, लहान मुलांना शिकवते. तिथली खुर्ची इतकी लहान की मी उठले तर तीही माझ्याबरोबर उठली. महिला मंडळाच्या शोभाताईंनी दारातूनच विचारलं, "काहून वं मनोरमा, या वयात पोट्ट्यांमध्ये बसून राहिली?"

"मोठ्यांचं मले समजत नाही, ताई."

"अन् हे समजते?"

"हे समजते. वरून चांदणी बी भेटते." (वचन पाठ म्हटलं की हातावर कागदी चांदणी चिकटवतात. ती जपायला मी भांडी डाव्या हातानं घासली.)

मुलांची प्रार्थना हातवाऱ्यांची असते. पाखरं म्हटलं की पंख हलवायचे, पाऊस म्हटलं की बोटं. हात थांबले की मला शब्दच आठवत नाहीत. सभेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, कोण बघतंय, असं मी मनाशी ठरवलं. पाखरांसाठी पंख उघडले आणि शेजारी उभ्या असलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा चष्मा थेट चिवड्याच्या परातीत.

त्यानंतर पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून निघालं ते असं, "प्रभू, यांले वांग्याची भाजी आवडत नाही. ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगून राहिली. तिथं त्यांले वाढू नको." (तुमच्या भावानं तोंडानं कधी म्हटलं नाही. पण ताटात वांगं असलं की त्यांची जेवणाची प्रार्थना लांबायची, त्यावरून मी ओळखायची.) गेलेल्या माणसासाठी आपल्यात काही मागत नाहीत, हे मला ठाऊक आहे, ताई. शोभाताई खोकल्याच. पण मागून झालं होतं. कोणी आमेन म्हणेना. शेवटी पाळकसाहेबांनी चष्म्यावरचे शेंगदाणे झटकले आणि म्हणाले, "आमेन. वांगं मलेबी चालत नाही, बाई."

आणि मी जेवायला काय केलं होतं? पातेलंभर वांग्याची भाजी. एवढ्या माणसांना सोपं पडतं म्हणून. जेवणाआधी पाळकसाहेबांनी जी प्रार्थना केली, तिच्यात पोळ्या गार झाल्या. मी डोळे मिटून ऐकत होते. थोडा वेळ आवाज कोणाचा आहे ते मी विसरले.

तुमची भावजय,
मनोरमा

ता. क. : खुशाली कळवायला पत्र लिहिलं असं म्हणणार होते, पण तसं नाही. पाऊस लागायच्या आधी चार दिवस राहायला या. काम काही नाही. सकाळी स्वयंपाकघरात बसायचं आणि आमेन म्हणायचं. वांगं करणार नाही.

आणखी एक : सभेच्या दुसऱ्या दिवशी नळ आला. मी बादल्या भरल्या, कुकर चढवला, बाहेरच्या खोलीत बसून मोठ्यानं प्रार्थना केली, तुमच्या गुडघ्यापासून महानगरपालिकेपर्यंत. मग उठून स्वयंपाकघरात गेले, आमेन म्हटलं आणि गॅस बंद केला.