आई बोलते ती फाइल

प्रिय दादा,

आई गेल्यावर घरचे सगळे व्हिडिओ तू विश्वासाने माझ्याकडे दिलेस, आणि गेल्या महिन्यात ती डिस्क माझ्या हातून फरशीवर पडली. तुला सांगायची छाती झाली नाही. रोज ऑफिसातून आल्यावर मी एकेक फाइल शेवटपर्यंत चालवून पाहिली. नऊशेपैकी चाळीस बिघडल्या होत्या. आई कॅमेरा दिसला की पळायची, म्हणून ती बोलते अशी एकच फाइल होती. नेमकी तीही गेली. पडद्यावर नुसत्या हिरव्या चौकटी.

शेवटी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रडतेस काय? ह्यांनी सगळ्याची दुसरी प्रत कपाटात ठेवलीय. तूच हसली होतीस ना, संशयी म्हणून?"

हसले होते खरी. वहिनीने प्रत पाठवली आणि आई तुझ्यावर खेकसली, "मेल्या, ठेव तो कॅमेरा, आधी दोन घास खा!" मी तीनदा पाहिलं. हसता हसता डोळे भरून आले.

हे पत्र पाठवत नाही. आभार मानले की तू "पुरे गं" म्हणून विषय बदलतोस. रविवारी समोर बसून सांगते, मग बघते कसा बदलतोस.

तुझी,
धांदरट धाकटी