परवाना वारसाला जात नाही, म्हणून

मी, खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा घरातल्या खोल्या भाड्याने देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आजच दिला आहे. माझा जळफळाट त्यांच्या यंत्रात दिसत नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि दागिने माझ्या भाच्याला. घर मात्र त्याला नाही. त्याने स्वतःच्या फ्लॅटमध्ये विनापरवाना भाडेकरू कोंबले, गाद्यांना गाद्या लावून, आणि दंड भरून बसला. खोल्या भाड्याने द्यायचा परवाना देणारं खातं आता त्याला दारातही उभं करत नाही.

कलम २. शिडी आणि हत्यारांची पेटी वरच्या खोलीतल्या शिंप्याला. धूर झाला की वाजणारे छतावरचे भोंगे दर महिन्याला तोच वाजवून बघतो. मी खालून नुसती ओरडते.

कलम ३. माळ्यावरची नक्षीदार दारंही भाच्यालाच. ती तिथे का पडली, ते लिहिते. भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ राहते, तीही खोल्या देते. एका घरात अनेक भाडेकरू ठेवायचे तर मालकाला परवाना लागेल, असा कायदा आला आणि बाईसाहेबांना पहिल्याच तपासणीत मिळाला! दर्शनी भागात लावायचा नियम आहे, कबूल. पण एवढी मोठी फ्रेम? मग मी तिच्या नाकावर टिच्चून भारी दारं बसवली. तपासनीस म्हणाला, "बाई, आग लागली तर आधी हीच पेटतील. आग अडवणारी, आपोआप मिटणारी दारं हवीत." अर्ज नामंजूर. दुसऱ्या दिवशी जावेचा सुतार हजर. "धाकट्या बाईंनी पाठवलंय." मी बोलावलं होतं का? त्याच्याच दारांवर मला परवाना मिळाला, आणि ते अजून मला पचलेलं नाही.

कलम ४. घर. परवाना माझ्या नावचा, तो माझ्याबरोबर संपेल. नव्या मालकाला स्वतःच्या नावे मिळाला नाही, तर खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. शिंपी, नर्स, बेकरीवाला, कुणालाच दुसरं घर नाही. संध्याकाळी तिघेही जावेच्या स्वयंपाकघरात जमतात, त्यांचं हसणं भिंतीतून ऐकू येतं. माझ्याकडे येतात ते नळ गळतो म्हणून सांगायला. परवा नर्सने विचारलं, "काकू, तुमच्यामागे आम्ही कुठे जायचं?" मी तोंड उघडायच्या आत शिंपी म्हणाला, "पलीकडच्या काकू आहेत ना!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण वकीलही तेच म्हणाले.

सबब हे घर धाकट्या जावेला. अट एकच: तिने परवाना काढून या तिघांना आहे त्याच भाड्यात ठेवावं. आणि मधली भिंत पाडू नये. या दोन अटी झाल्या, असू देत.

कलम ५. वकीलसाहेब, मी जिवंत आहे तोवर यातलं अक्षरही तिच्या कानावर जाता कामा नये. ती धावत येईल, डोळ्यांत पाणी आणून "ताई, ताई" करत गळ्यात पडेल. मग मी हे मृत्युपत्र तिच्यासमोर फाडीन, आणि ती तीन माणसं रस्त्यावर येतील.

सही: घरमालकीण
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर; कोपऱ्यावरचा किल्लीवाला
ठिकाण: याच घराची पुढली खोली, खिडकी लावून घेऊन
दिनांक: १४ नोव्हेंबर